आठ घागरी

रकाना ७ : अडचणी
अहवालात लिहिलेलं : ‘ग्रामस्थांमध्ये आरोग्याविषयी उदासीनता आढळली.’

“पाणी न्हाई,” बंद दारामागून आवाज आला.

“मावशी, आम्ही पाणी मागायला नाही आलो,” मी म्हणाले. “नर्सिंगच्या मुली. सुभद्राला तपासायचंय.”

“म्हाईत हाय कोण ते. म्हणूनच सांगतीय. पाणी न्हाई.”

शुलमिथ माझ्या कानाशी आली. “आजचं हे चौथं घर. गावानं आपल्याला वाळीत टाकलंय बघ.”

मी पुन्हा दार वाजवलं. आत कुणीतरी भांडं सरकवलं.

चार दिवसांपूर्वी याच घरात, याच उंबऱ्याच्या आत बसून मी सुभद्राचा बीपी घेतला होता. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. एकशे चाळीस, नव्वद. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडत होता आणि भरायला वेळ लागत होता. वहीत मी लाल पेनानं लिहिलं : चार दिवसांनी पुन्हा. बीपी आणखी चढला तर झटके येतात, आणि झटके आले की आई जाते, बाळ जातं, कधी दोघंही. हे आम्हाला परीक्षेसाठी पाठ होतं.

चौथा दिवस आज होता.

“उद्या येऊ,” शुलमिथ म्हणाली.

“उद्या उघडतील?”

“ते येशूला विचार. मी नुसती बॅग धरते.”

रकाना २ : गटप्रमुखाची निवड
अहवालात लिहिलेलं : ‘सर्वानुमते.’

मोकाशी मॅडमनी मागच्या वर्षाची मार्कांची यादी काढली, पहिल्या नावावर टिक केली, ते नाव माझं होतं, आणि सतरा मुलींनी टाळ्या वाजवल्या. हे सर्वानुमत. अहवालाची कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे. सत्तावीस वर्षं झाली, अक्षरं जांभळट होऊन पसरलीत, पण वाचता येतात.

मे महिना. जतच्या पूर्वेला येळवस्ती नावाचं साठेक घरांचं गाव. आम्ही मिरजेच्या नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या अठरा मुली. शाळेला सुट्टी होती म्हणून दोन वर्गखोल्यांत आमचे बिछाने. काम असं की घरं वाटून घ्यायची, महिनाभर त्याच घरांत जायचं, गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं तपासायची. मोकाशी मॅडम आठवड्यातून एकदा, गुरुवारी, मूल्यमापनाला यायच्या. बाकीचे दिवस गट माझ्या ताब्यात. मॅडम म्हणाल्या होत्या, “हेमांगी, इंजेक्शन कुणीही शिकतं. माणसं चालवायला शीक.”

मी पहिल्याच संध्याकाळी मुलींना व्हरांड्यात बसवलं.

“बॅग टेक्निकमध्ये एकही चूक चालणार नाही. घरात गेलं की आधी वर्तमानपत्र पसरायचं. त्यावर बॅग. घरातल्यांकडून पाणी मागून घ्यायचं, साबणानं हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. काम झालं की पुन्हा हात. दोघींनीही. प्रत्येक घरात.”

एका मुलीनं हात वर केला. द्वारका लवटे. आटपाडीकडची, धनगराची, वर्गात शेवटून दुसरी. बोलायची क्वचित, आणि बोलली की मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या ‘न्हाई’ची नक्कल करायचं. कधी कधी मीच.

“प्रश्न शेवटी,” मी म्हणाले.

तिनं हात खाली घेतला. मी तिला चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा फळा आणि त्याचा स्टँड उचलायचं काम दिलं होतं.

पहिला आठवडा झकास गेला. शुलमिथ म्हणायची, “माझे हात इतके स्वच्छ झालेत, नशिबाच्या रेषाही धुऊन गेल्या.” दुसऱ्या आठवड्यात दारं बंद व्हायला लागली.

रकाना ८ : गटप्रमुखाने केलेली उपाययोजना
अहवालात लिहिलेलं : ‘प्रत्येक जोडीने स्वतःचे पाणी सोबत नेले.’

बुधवारी सकाळी मी प्रत्येक जोडीला पाच लिटरचा कॅन दिला. शाळेच्या टाकीतून भरून. मला माझ्या हुशारीचा आनंद झाला होता, तो लपवायचाही मी प्रयत्न केला नाही.

“मावशी,” मी त्याच दारासमोर उभी राहून म्हणाले, “आज आमचं पाणी आम्ही आणलंय. बघा. तुमचा एक थेंब नको.”

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. सुभद्राची सासू, बायनाबाई. उंच, वाळलेली बाई, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिनं कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कुठनं आणलं?”

“शाळेतून.”

“शाळंच्या टाकीत कुठनं येतं?”

मी कॅन दुसऱ्या हातात घेतला.

“तुझ्या बापानं मिरजंवरनं पाठवलं?”

मागे शुलमिथला हसू आलं. तिनं ते खोकल्यात लपवलं.

“गावाचा टँकर आधी शाळंची टाकी भरतो, तुमी पाव्हण्या म्हणून,” बायनाबाई म्हणाली. “उरलं की आमास्नी. ते घिऊन आलीस व्हय माझ्या दारात, थेंब नगो म्हणायला?”

“सुभद्रा कशी आहे तेवढं सांगा.”

“हाय तशी हाय.”

दार लागलं.

दुपारी द्वारका व्हरांड्यात फळ्यावरची चित्रं पुठ्ठ्यात लावून ठेवत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“टँकर तीन दिवसांनी येतो. शाळेचं पाणी त्यातलंच. हे तुला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलली का नाहीस?”

“हात वर केला होता की.” तिनं वर पाहिलं नाही. “तू म्हणालीस, प्रश्न शेवटी. शेवट आलाच न्हाई.”

मला राग आला. तो कुणाचा होता ते मी तेव्हा बघितलं नाही.

“एका घरात तुमी दोघी,” ती चित्रं लावता लावता म्हणाली. “दोनदा हात. चार तांबं. दुपारी लसीची यादी घेऊन दुसरी जोडी, आणखी चार. बायनाआत्या दोन दिवस आंघोळीबिगर ऱ्हायली. सून गरवार, तिला पाणी पुरवायचं म्हणून.”

“तुला हे कोण सांगतं?”

“तीच. मी टँकरला जाते तिच्यासंगं.”

“कधी?”

“तुमी केस विंचरता तवा.”

“कशाला?”

आता तिनं वर पाहिलं. जणू मी अगदी साधी गोष्ट विचारली होती आणि तीसुद्धा मला येत नव्हती.

“कशाला म्हंजे? पाणी उचलू लागायला.”

मी म्हणाले, “उद्या मी येते. तिथं बोलेन त्यांच्याशी. नऊला मॅडम माझं मूल्यमापन करणार आहेत, त्याच्या आत परत येऊ.”

“ये,” द्वारका म्हणाली. “त्यो पांढरा एप्रन नको घालू.”

मी घातला. नऊला धावपळ नको म्हणून.

रकाना ५ : ग्रामस्थांचा सहभाग
अहवालात लिहिलेलं : ‘उत्तम.’

टाकी रस्त्याच्या कडेला होती, सिमेंटची, तिला दोन नळ. आठ वाजले होते आणि टँकरचा जाड पाइप टाकीत पाणी ओतत होता. रांगेत बायका नव्हत्या, घागरी होत्या. प्रत्येक घरच्या घागरींचा एकेक पुंजका, लाल, पिवळा, एखादा पितळी, पुंजक्यामागे पुंजका, बाभळीपर्यंत. बायका बांधावर बसल्या होत्या.

“इथं एक नेम हाय,” द्वारका हळू आवाजात म्हणाली. “घरच्याच बाईनं भरायचं. दुसऱ्याचा नंबर कुणी धरायचा न्हाई. बाई उठून गेली की तिच्या घागरी रांगंबाहेर.”

बायनाबाईचा नंबर सहावा होता. द्वारका तिच्याजवळ बसली. मी उभी राहिले.

“कशी हाय सुभद्रा?” द्वारकानं विचारलं.

“रातीपासनं डोकं धरून बसलीया.” बायनाबाई माझ्याकडे न बघता बोलत होती. “डोळ्यांपुढं काजवं दिसत्यात म्हणती. सकाळी वकली. उन्हाचं असंल.”

द्वारकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी एकच पान पाठ केलं होतं.

“उन्हाचं नाही,” मी म्हणाले. “मावशी, तिला आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता. झटके येतील.”

“न्हेते की. पाणी भरलं की न्हेते.”

“कशानं न्याल?”

एसटी संध्याकाळी. बायनाबाईचा मुलगा वीटभट्टीवर, कोल्हापूरकडे. गावात त्या घडीला एकच गाडी होती आणि तिचा ड्रायव्हर पाइप गुंडाळायला लागला होता.

मी पळत त्याच्याकडे गेले. गुलाबभाई नाव त्याचं. ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं.

“अजून दुसऱ्या गावांच्या दोन खेपा हायत मला. पाच मिनिटं थांबतो. बाईला आणा. केबिनमध्ये तिघी मावतील.”

मी परत आले. बायनाबाई जागची हलली नव्हती.

“मी गेले तर माझ्या घागरी बाहेर,” ती म्हणाली. “फुडचा टँकर रविवारी. पोरगी परत आली तर तिला काय पाजू? सांग. शिकलेली हायस न्हवं?”

मी म्हणाले, “मी भरते.”

“तू?”

“मी उभी राहते. तुमच्या सगळ्या घागरी भरून घरी नेऊन ठेवते.”

तिनं माझे पांढरे बूट बघितले. एप्रन बघितला. गुलाबभाईनं हॉर्न दिला.

“आत्या,” द्वारका उठत म्हणाली, “ही आमची मोठी हाय. ही बोलली की करती. उभी ऱ्हाती म्हणाली तर हलत न्हाई.”

बायनाबाई उठली. “आठ हायत,” ती मला म्हणाली.

“आठ भरते.”

त्या दोघी घराकडे निघाल्या. नऊच्या मूल्यमापनासाठी आणलेलं बीपीचं यंत्र माझ्या हातात होतं. मीही निघाले, “द्वारका, थांब, बीपी मी बघते, तिथं डॉक्टरांना नीट सांगायला हवं...”

द्वारकानं माझ्या हातातून यंत्र घेतलं.

“तू न्हाई. तू हितं.”

मग ती पळाली.

चार मिनिटांत त्या सुभद्राला घेऊन आल्या. तिचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. गुलाबभाईनं तिला अक्षरशः उचलून केबिनमध्ये घेतलं. टँकर गेला. धूळ खाली बसली, आणि बांधावरच्या साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

रकाना ५, पुढे चालू
अहवालात लिहिलेलं : काही नाही.

“ए नर्सबाई,” पुढची बाई म्हणाली. कोंडाबाई. कमरेवर हात, तोंडात मिश्री. “तू कोण लागतीस बायनाची?”

“कुणी नाही.”

“मग घागरी उचल. घरचीच बाई लागती हितं.”

“त्या पेशंटला घेऊन गेल्यात. तुम्ही बघितलंत.”

“बघितलं. वाईट वाटलं. पर आज तुझं ऐकलं तर उद्या कुनीबी कुनाचा नंबर धरंल. मारामाऱ्या झाल्यात हितं, डोकी फुटल्यात. तवा कुठं ह्यो नेम लागला.”

मागून कुणीतरी बोललं, “सहा तांबं सांडलं माझ्या घरात हिच्या पोरींनी. हाताला काय शेण लागलं व्हतं?”

बायका हसल्या. मीही हसेन असं त्यांना वाटलं असावं.

“त्यांचा दोष नाही,” मी म्हणाले. “त्यांना मी सांगितलं होतं. प्रत्येक घरात, दोनदा. नाही धुतले तर मार्क कापीन म्हणाले होते.”

हसणं थांबलं.

“तू सांगितलंस?”

“मी. मी गटप्रमुख आहे.”

“आन तुला कुणी सांगितलं न्हाई, हितं पाणी न्हाई म्हणून?”

“एकजण सांगत होती. मी सांगू दिलं नाही.”

कोंडाबाईनं मिश्री थुंकली. मग तिनं पायानंच पहिली घागर रांगेबाहेर ढकलली.

“मागं ने. पार मागं, बाभळीपाशी. न्हाई घालवत तुला. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर तुझं.”

मी घागरी दोन-दोन करून मागे नेल्या. माझ्यापुढे एकावन्न घरं होती. मी मोजली नाहीत. कोंडाबाईनं ओरडून सांगितलं.

ऊन चढत होतं. एप्रनचा गळा घामानं ओला झाला. बाभळीला सावली नव्हती, नुसत्या रेघा होत्या. एकदा वाटलं, पटकन शाळेत जाऊन मॅडमना सांगून यावं. दहा मिनिटांचं काम. मी गेले नाही. ‘हलत न्हाई’ असं द्वारका जिच्याबद्दल बोलली होती ती मी नव्हते, पण तिथं उभी मीच होते.

सव्वानऊला मोकाशी मॅडम स्वतःच आल्या. हातात फाइल, मागे शुलमिथ, तोंड पाडून. मी मूल्यमापनाला नाही म्हणून तिला विचारणा झाली असणार.

“हेमांगी, हे काय चाललंय?”

“मॅडम, सुभद्रा भोसले. डोकेदुखी, काजवे, उलटी, चेहऱ्यावर सूज. टँकरनं जतला पाठवलंय. द्वारका सोबत आहे.”

“द्वारका लवटे? तिला पाठवलंस? एकटीला? कुणाच्या परवानगीनं?”

“माझ्या.”

परवानगी कुणी कुणाला विचारलीच नव्हती. हुकूम द्वारकानं मला दिला होता. पण ‘माझ्या’ हा शब्द तोंडातून निघाला आणि तो मला परत घ्यावासा वाटला नाही.

“आणि तू का नाही गेलीस?”

“मी नंबर धरलाय.”

मॅडमनी घागरींकडे पाहिलं. मग रांगेकडे. त्या शहरातल्या बाई होत्या, माझ्यासारख्याच. फाइल उघडली, मिटली.

“मुली वाट बघतायत तिकडे. गटाला प्रमुख नाही सकाळपासून.”

“शुलमिथ घेईल आज.”

“मी?” शुलमिथ म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून मग म्हणाली, “घेते.”

मॅडम गेल्या. जाताना त्यांनी डोक्यावरची छत्री माझ्याकडे पुढे केली होती. मला दोन्ही हात लागणार होते, मी नको म्हणाले.

पावणेबाराला माझा नंबर आला. एक नळ तोवर बंद पडला होता. दुसऱ्याची धार करंगळीएवढी. पहिली घागर भरली. दुसरी. तिसरीला वेळ लागला. चौथी, पाचवी. सहावी अर्धी झाली आणि नळ खोकला, थोडा गढूळ झाला, थेंब थेंब पडू लागला. मी अर्धा तास त्या थेंबांखाली घागर धरून बसले. मग थेंबही थांबले.

मला घागर कमरेवर घेता येत नव्हती. पहिल्या खेपेला माझ्या मांडीवरून, बुटांत, रस्त्यावर पाणी. मागून शिवी ऐकू आली. कोंडाबाई. तिचं पाणी सकाळीच भरून झालं होतं. ती बांधावर का बसून होती कोण जाणे. तिनं आल्या आल्या एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेतली.

“तुझ्यासाठी न्हाई,” ती म्हणाली. “बायनाचं पाणी सांडतंय म्हणून.”

बायनाबाईच्या दाराला नुसती कडी लावलेली होती. आम्ही रांजणात पाणी ओतलं.

रकाना ९ : मूल्यमापन
मॅडमच्या अक्षरात : ‘नेतृत्व – दहापैकी चार. गटप्रमुख नेमून दिलेल्या जागी नव्हती.’

द्वारका शुक्रवारी दुपारी दुधाच्या गाडीनं परत आली. साडी चुरगळलेली, डोळे लाल. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. मुली गोळा झाल्या.

“दवाखान्याच्या दारातच झटका आला तिला,” ती म्हणाली. “दारात. आत डॉक्टर व्हते, सुई व्हती. घरी असती तर... सांगलीला पाठवली मग. पोट कापून काढलं. मुलगी झाली. पावणेदोन किलो, काचंच्या पेटीत हाय. सुभद्रा शुद्धीवर आली पहाटं. पाणी मागितलं.”

कुणीतरी रडायला लागलं. शुलमिथच होती, आणि ते खोकल्यात लपवणं तिला जमलं नाही.

मुली उठून गेल्यावर मी द्वारकाशेजारी बसले.

“बायनाबाईंना तू खोटं सांगितलंस,” मी म्हणाले. “ही बोलली की करते, हलत नाही. मी कधी केलं होतं तसं?”

“तवा खोटंच व्हतं.” तिनं चपला काढून पाय पुढे पसरले. “दुसरं काय सांगणार व्हते? टँकर निघाला व्हता.”

“आणि मला का नेलं नाहीस?”

“दोघी गेलो असतो तर आत्या घागरी सोडून आली नसती.”

ती थोडा वेळ डोळे मिटून बसली. मला वाटलं झोपली.

“किती झाल्या?” तिनं विचारलं.

“साडेपाच.”

“दवाखान्यात आत्याला मी आठ सांगितल्या.”

“मग?”

“मग रविवारी लवकर उठ,” द्वारका म्हणाली. “अडीच ऱ्हायल्यात.”